कामगाराला काय वाटते, ते विचारावे कसे?

शिकागोला लागून असलेल्या सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ‘हॉथॉर्न वर्क्स’ हा टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणारा प्रचंड कारखाना होता. तेथे १९२८ मध्ये कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत २१,००० हून अधिक जणांना त्यांचे काम, वरिष्ठ आणि कामाच्या जागेची परिस्थिती यांविषयी विचारण्यात आले. आरंभी प्रश्न ठरलेले असत. पण कामगारांचे बोलणे प्रश्न सोडून भलतीकडेच वळते, असे ध्यानात आल्यावर न टोकता ऐकून घेण्याची पद्धत स्वीकारली गेली, आणि अर्ध्या तासात आटोपणारी मुलाखत दीड तासापर्यंत लांबली. एका कामगार स्त्रीला तर बोलता बोलता स्वतःलाच उमगले की, ज्या पर्यवेक्षकाचा आपण तिटकारा करतो, त्याच्यात आपल्याला नावडत्या सावत्र वडिलांचा भास होतो. तिच्यापुढे केवळ छापील कागद ठेवला असता, तर ‘वाईट’ या शब्दापुढे एक खूण उमटली असती आणि सारा दोष त्या पर्यवेक्षकाच्या माथी गेला असता.

अर्थात हजारो माणसांशी दीड-दीड तास बोलणे सहसा कोणालाच परवडत नाही. त्यामुळे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत सर्वत्र रुजली. एखादे विधान द्यायचे आणि ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या पाच पर्यायांतून एक निवडायला सांगायचे आणि त्या निवडीला ५ ते १ असे गुण द्यायचे. एकाच विधानावर विसंबता येत नाही, म्हणून एकाच विषयावरची अनेक विधाने घेऊन त्यांचे गुण एकत्र करतात. आणि माणसांचा कल ‘हो’ म्हणण्याकडे असल्यामुळे काही विधाने मुद्दाम उलट्या अर्थाची ठेवतात. मात्र अहवालात नुसती सरासरी छापणे मला घातक वाटते. दहा जणांच्या विभागात सर्वांनी ३ गुण दिले तरी सरासरी ३, आणि पाच जणांनी ५ व पाच जणांनी १ दिला तरीही ३ च. पहिला विभाग उदासीन आहे, तर दुसरा उभा दुभंगलेला आहे.

कार्यसंस्कृती, म्हणजे कामाच्या जागेचे अलिखित नियम आणि रीती, मोजणे याहून अवघड आहे. त्याच हॉथॉर्नमध्ये १९३१-३२ मध्ये टेलिफोन एक्सचेंजच्या उपकरणांची जोडणी करणाऱ्या १४ पुरुषांचे एका खोलीत कित्येक महिने निरीक्षण केले गेले. दिवसाला किती काम ‘पुरेसे’, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते. कोणी फार भरभर हात चालवू लागला, तर शेजारचा त्याच्या दंडावर ठोसा मारी. हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. सहकाऱ्याची चहाडी वरिष्ठांकडे करायची नाही, हाही त्यांचा एक नियमच होता.

म्हणून प्रश्नावली निनावी ठेवताना केवळ साहेबाचाच नव्हे, तर शेजारी बसणाऱ्याचाही विचार करावा लागतो. नाव विचारले नाही, तरी विभाग, वय, लिंग आणि रुजू झाल्याचे वर्ष विचारले की सहा जणांच्या विभागातली एकमेव स्त्री लगेच ओळखू येते, आणि हे तिलाही कळते. ती मग सगळीकडे ‘सहमत’वर खूण करून कागद परत देते. जाणकार संशोधक त्यामुळेच लहान गटांचे निकाल स्वतंत्रपणे दाखवत नाहीत, ते मोठ्या विभागात मिळवतात आणि ही गोष्ट प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर, उत्तरे मागण्याआधी, स्पष्ट शब्दांत लिहितात.