गेन्शिन आणि स्टार रेल: एका मापानं दोन्ही मोजू नका

गेन्शिन इम्पॅक्टचं परीक्षण घ्यायचं, पात्रांची नावं बदलायची आणि तेच होनकाई: स्टार रेलला चिकटवायचं, असा प्रकार सर्रास चालतो. गल्लत होण्यासारखीच आहे म्हणा. दोन्ही गेम शांघायच्या मिहोयोचे. २०२२ पासून ही कंपनी चीनबाहेर होयोव्हर्स या नावानं वावरते. दोन्ही फुकट, दोन्हींचं रूप अ‍ॅनिमे वळणाचं, दोन्हींत चार जणांची टीम आणि साधारण सहा आठवड्यांनी नवं अपडेट. गेन्शिन आला २८ सप्टेंबर २०२० ला, स्टार रेल २६ एप्रिल २०२३ ला. द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम मोबाइल गेमचा मानही दोघांना मिळाला, एकाला २०२१ मध्ये, दुसऱ्याला २०२३ मध्ये.

पण हे साम्य मुख्यतः पैशाच्या बाजूचं आहे. खिशाला हात घालायची रीत दोघांची जवळपास एक. तुमचा दिवस, तुमचं लक्ष आणि तुमचा फोन वापरायची रीत मात्र साफ वेगळी. परीक्षणातले निम्मे परिच्छेद गाचावर (सोडतीसारखी नशिबानं पात्रं मिळवायची पद्धत) खर्च केले, तर वाचणाऱ्याला यातला कुठला गेम आपला हे कळतच नाही.

गाचा: सारखं काय, वेगळं काय

नवं पात्र हवं तर 'पुल' करावा लागतो, म्हणजे सोडतीत एकदा नशीब आजमावायचं. गेन्शिनमध्ये एका पुलाला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन) लागतात, स्टार रेलमध्ये १६० स्टेलर जेड. मर्यादित मुदतीच्या बॅनरवर (ठराविक पात्राच्या सोडतीवर) पाच-स्टार, म्हणजे सर्वांत दुर्मीळ दर्जाचं, पात्र निघण्याची शक्यता दर पुलाला ०.६ टक्के. ८९ पुल कोरडे गेले तर ९०वा देतोच. हीच ती पिटी. प्रत्यक्षात ७४व्या पुलापासून शक्यता झपाट्यानं चढते, पण हा आकडा कंपनीनं जाहीर केलेला नाही, खेळाडूंनी आपापल्या नोंदी एकत्र करून काढलाय. नियमांच्या पानावर १.६ टक्के असा जो एकत्रित दर दिसतो, तो पिटी धरून आहे. परीक्षणात दोन्ही आकडे द्यावेत, कारण पहिल्या ७३ पुलांपर्यंत ०.६ चाच कारभार असतो आणि तोवर साधारण ६४ टक्के लोकांच्या हाती काहीच लागलेलं नसतं.

पिटी आणि गॅरंटी यांची सरमिसळ तर ठरलेलीच. पिटी म्हणजे कुठलं तरी पाच-स्टार पात्र येणार. गॅरंटी म्हणजे बॅनरवर ज्याचं चित्र आहे तेच येणार. पहिल्या खेपेला नाणेफेक असते. हरलात की पुढचं पाच-स्टार हमखास चित्रातलं. म्हणजे वाईटात वाईट हिशेब १८० पुल, २८,८०० प्रिमोजेम किंवा जेड. '९० पुलांत पात्र नक्की' असं कुणी लिहिलं असेल, तर त्यानं नियमांचं पान उघडलेलंच नाही. झालेले पुल आणि मिळालेली गॅरंटी त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरवर टिकून राहतात, हेही लिहायला हवं. नवखा माणूस बॅनर संपतोय म्हणून घाईनं पैसे भरतो तो नेमकं हे माहीत नसल्यामुळे.

फरक बारीक आहेत. गेन्शिननं ऑगस्ट २०२४ मध्ये ५.० आवृत्तीत 'कॅप्चरिंग रेडियन्स' आणलं आणि नाणेफेक जिंकण्याची एकत्रित शक्यता ५५ टक्क्यांवर नेली. शस्त्रांच्या बाबतीत स्टार रेल बराच सोपा. दोन्हींत ८० ची पिटी आणि आलेलं पाच-स्टार चित्रातलं असण्याची ७५ टक्के शक्यता. पण गेन्शिनच्या बॅनरवर दोन शस्त्रं असतात, त्यामुळे तुम्हाला हव्या असलेल्याच्या वाट्याला ३७.५ टक्केच येतात. स्टार रेलमध्ये चित्रातला लाइट कोन (तिथलं शस्त्र) एकच असतो. गेन्शिनमध्ये 'एपिटोमाइज्ड पाथ' लावून हवं ते शस्त्र आधी निवडून ठेवलं, तर एकदा हुकल्यावर दुसऱ्यांदा तेच मिळतं. निवडायचं विसरलात तर मात्र सगळं नशिबावर.

रुपयांचं रूपांतर दोन्हीकडे मुद्दाम लांबवलेलं आहे. गेन्शिनमध्ये रुपयांचे जेनेसिस क्रिस्टल, त्यांचे प्रिमोजेम, त्यांचं फेट (पुलाचं तिकीट). स्टार रेलमध्ये ओनेरिक शार्ड, मग जेड, मग पास. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं गेन्शिनबाबत केलेल्या कारवाईत या उतरंडीमुळे खरी किंमत झाकली जाते, असाही आक्षेप होता. तडजोडीत कंपनीनं २ कोटी डॉलर भरायचं आणि १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर असलेली खरेदी) न विकायचं कबूल केलं.

एक पैसाही न घालता रोज किती मिळतं? दोन्हीकडे दैनंदिन कामांचे ६०. महिन्याचे १,८००, म्हणजे सव्वाअकरा पुल. बाकीची कमाई इव्हेंट, नव्या प्रदेशातल्या पेट्या आणि कथेतून.

हाताची लढाई आणि डोक्याची लढाई

खरी फारकत इथे आहे. गेन्शिनमध्ये लढाई चालू वेळेत होते. एका वेळी एकच पात्र मैदानात असतं आणि बाकीचे तिघे बोटाच्या टिचकीसरशी बदलायचे. ताकद येते ती मूलद्रव्यांच्या टकरीतून. शत्रू पाण्यानं भिजलेला असताना त्यावर आग टाकली तर 'व्हेपोराइज' होऊन मार दीडपट होतो. आग लागलेल्यावर पाणी टाकलं तर दुप्पट. म्हणजे क्रम महत्त्वाचा. शिंगचिऊ (पाणी), बेनेट (आग) आणि शियांगलिंग (आग) हे त्रिकूट घ्या. तिघंही चार-स्टार, तिघंही २०२० पासूनचे. आधी शिंगचिऊचा बर्स्ट, म्हणजे एनर्जी साठवून करायचा मोठा वार (१५ सेकंद टिकतो), मग बेनेटचा (१२ सेकंद), शेवटी शियांगलिंगचा आगीचा फेरा (१० सेकंद). शिंगचिऊच्या तलवारी साध्या हल्ल्याबरोबरच पडतात, म्हणून पुढे उभ्या असलेल्यानं हात थांबवायचा नाही. शिंगचिऊ आणि शियांगलिंग यांचे बर्स्ट दर २० सेकंदांनी तयार होतात, पण दोघांनाही ८० एनर्जी लागते. शत्रूनं ढकलल्यामुळे एनर्जीचे कण हुकले, तर पुढची फेरी कोरडी जाते आणि नवखा म्हणतो, ही टीम चालत नाही. टीम चालते, शियांगलिंगचा एनर्जी रिचार्ज कमी असतो.

हे सगळं सहा इंची काचेवर दोन अंगठ्यांनी करायचं. धावणं, चुकवणं, उडी, नेम, पात्रबदल. परीक्षण फक्त संगणकावर खेळून लिहिलं असेल, तर मोबाइलवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

स्टार रेलमध्ये पाळी येईपर्यंत कुणी हलत नाही. चहा घेऊन या, शत्रू तिथेच उभा. सगळा खेळ पाळीच्या क्रमाचा आणि स्किल पॉइंटचा. पॉइंट सुरुवातीला तीन, जास्तीत जास्त पाच. साध्या हल्ल्यानं एक मिळतो, स्किल वापरलं की एक जातो. चौघंही स्किलवर जगणारे घेतले तर दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला तिजोरी रिकामी होते.

पाळीचं गणित उघड आहे: १०,००० भागिले वेग. वेग १०० असेल तर पाळी यायला १०० एकक लागतात. 'मेमरी ऑफ केऑस' या अवघड आव्हानात पहिलं चक्र १५० एककांचं आणि पुढची १०० ची असतात. वेग १३३ असेल तर दोन पाळ्यांना १५०.४ लागतात, म्हणजे दुसरी पाळी जेमतेम हुकते. १३४ झाला की १४९.३, पहिल्याच चक्रात दोन पाळ्या. एका अंकानं चक्र वाचतं, आणि तारे चक्रांवरच मिळतात. म्हणूनच जाणकार खेळाडू बुटांवर (पात्राच्या साहित्यातला एक तुकडा) हल्ल्याऐवजी वेग घेतात. हे परीक्षणात नसेल तर 'रणनीती खोल आहे' या वाक्याला अर्थ नाही.

शिवाय स्टार रेलमध्ये ऑटो आणि दुप्पट वेग आहे. रोजची कामं फोन टेबलावर ठेवून होतात. अवघड लढाईत मात्र ऑटोवर विसंबू नये. ते हाताशी आलेला पॉइंट उधळतं आणि बरं करणाऱ्याची पाळी येते तेव्हा डबा रिकामा असतो. गेन्शिनमध्ये ऑटो लढाई नाहीच.

दिवसाचा हिशेब

गेन्शिनचं रेझिन, म्हणजे बक्षिसं उचलायला लागणारी ऊर्जा, ८ मिनिटांना एक भरतं, म्हणजे दिवसाला १८०. कमाल साठा आधी १६० होता, जून २०२४ च्या ४.७ पासून २०० आहे. रिकामा साठा भरायला २६ तास ४० मिनिटं. त्यानंतर जे भरलं असतं ते वाया. तेच काम करणारी स्टार रेलची ट्रेलब्लेझ पॉवर ६ मिनिटांना एक, दिवसाला २४०, आणि साठा भरल्यावर उरलेली १८ मिनिटांना एक या संथ गतीनं राखीव खात्यात जाते, २,४०० पर्यंत. शनिवार-रविवार लग्नाला गेलात तर स्टार रेल थोडंफार राखून ठेवतो, गेन्शिन ठेवत नाही.

खर्चाकडे बघा. गेन्शिनचं डोमेन (साहित्य मिळवायची लढाईची जागा) २० रेझिनचं, दिवसाला नऊ फेऱ्या. स्टार रेलमध्ये रेलिकची (पात्राला चढवायच्या साहित्याची) गुहा ४० ची, सहा फेऱ्या. दोन्हीकडे एका ठिकाणी दोन संच पडतात, त्यामुळे निम्मा माल नको असलेला. गेन्शिनमध्ये पात्राला घालायचे पाच आर्टिफॅक्ट +२० पर्यंत चढतात आणि दर चार पायऱ्यांना एक उपगुण वाढतो. स्टार रेलचे सहा रेलिक +१५ पर्यंत, दर तीन पायऱ्यांना. +४ किंवा +३ ला वाढ नको त्या गुणावर गेली की तिथेच थांबावं आणि तो तुकडा पुढे दुसऱ्याला चढवायला खाद्य म्हणून वापरावा. शेवटपर्यंत चढवून मग रडण्यात अर्थ नाही.

रोजच्या वेळेबाबत मत स्पष्ट आहे: नोकरी किंवा कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याला स्टार रेल परवडतो. गेन्शिनचं वैभव त्याच्या भटकंतीत आहे. कडे चढणं, पेट्या शोधणं, लियुए या प्रदेशातल्या डोंगरावरून ग्लायडरनं खाली येणं हे घाईत होत नाही. फक्त रोजची कामं उरकायला गेन्शिन उघडणाऱ्यानं तो न उघडलेला बरा.

फोन, नेट आणि मध्यरात्र

दोन्हींना सतत नेट लागतं, दोन्ही फोनची मोठी जागा खातात, पण गेन्शिन जास्त तापवतो. मोकळं जग, गवत, पाऊस, एकाच वेळी दहा परिणाम. परीक्षण करताना अर्धा तास लढाईच चालवून बघावी. पहिल्या पाच मिनिटांचा फ्रेमरेट फसवा असतो, फोन गरम झाल्यावर तो पडतो. लोकलमध्ये नेट क्षणभर गेलं तर गेन्शिनमध्ये पात्रबदल अडकून बर्स्टची वेळ हुकते. स्टार रेलमध्ये सहसा पाळीच थोडी लांबते.

सर्व्हर निवडताना इथले बहुतेक लोक आशिया घेतात. तिथला दिवस पहाटे चारला बदलतो, पण तिथल्या घड्याळानं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले असतात. युरोपचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, अमेरिकेचा दुपारी अडीचला. नंतर एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही. आणि भाषा: मराठी सोडाच, हिंदीसुद्धा दोन्हींत नाही. स्टार रेलमध्ये बसून वाचायचं बरंच असतं, त्यामुळे इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्याला हे आधीच सांगावं.

जुनी पात्रं किती दिवस चालतात

फुकट खेळणाऱ्याला हा प्रश्न पुलांच्या दरापेक्षा महत्त्वाचा. शियांगलिंग 'स्पायरल अ‍ॅबिस'च्या (लढाईच्या आव्हानाच्या) तिसऱ्या मजल्याचा तिसरा कक्ष पार केला की फुकट मिळते आणि अजून कामाची आहे. स्टार रेलमध्ये शत्रूंची ताकद वेगानं फुगली आणि पहिल्या वर्षातले हल्लेखोर मागे पडले. शेवटी २०२५ मध्ये काफ्का, ब्लेड, सिल्व्हर वुल्फ आणि जिंगलिऊ यांना कंपनीनंच सुधारून दिलं. तरी गेन्शिनलाही सूट नको: 'इमॅजिनेरियम थिएटर' हे आव्हान ठराविक मूलद्रव्यांची भरपूर पात्रं मागतं आणि मोजकी पात्रं वाढवलेल्या माणसाला तिथे वरच्या पातळीवर प्रवेशच नाही.

केव्हा लिहावं

पहिल्या दहा तासांत दोन्ही गेम उदार असतात. चाचणीसाठी मिळणारी पात्रं चांगल्या साहित्यानिशी सजलेली येतात, त्यावरून घरच्या टीमचा अंदाज करू नये. गेन्शिनमध्ये अ‍ॅडव्हेंचर रँक (खात्याची पातळी) ४५ ला डोमेनमधून पाच-स्टार आर्टिफॅक्ट खात्रीनं पडू लागतात. खरा ग्राइंड (तेच तेच खेळून साहित्य जमवणं) तिथून सुरू होतो आणि रेझिन कमी पडतंय हे तिथेच जाणवतं. त्याआधीचं परीक्षण कथा, संगीत आणि भटकंतीबद्दल बोलू शकतं, शेवटच्या टप्प्याबद्दल नाही.

दुकानातल्या ताऱ्यांवरही जाऊ नये. सप्टेंबर २०२१ मध्ये गेन्शिनच्या पहिल्या वाढदिवसाची बक्षिसं कंजूष वाटली म्हणून खेळाडूंनी गूगल प्लेवर एक-एक ताऱ्याचा पाऊस पाडला. त्या रागात गूगल क्लासरूमसारखी असंबद्ध अ‍ॅपही भरडली गेली. तो राग बक्षिसांवरचा होता, लढाई किंवा कथेवरचा नव्हता.

परीक्षणाच्या डोक्यावर तारखेबरोबर आवृत्तीचा क्रमांक, आपली रँक, फोनचं मॉडेल आणि सर्व्हर लिहावा. साठा १६० चा सांगणारी, शस्त्रासाठी दोनदा हुकावं लागतं असं म्हणणारी जुनी परीक्षणं अजूनही सापडतात. २०२३ मध्ये ती बरोबर होती. आज त्यांवरून हिशेब करणारा आपलं रेझिन आणि पुल दोन्हींचं नियोजन चुकवतो.