दशपर्णी अर्क

दशपर्णी अर्क : दहा वनस्पतींचा पाला शेण, गोमूत्र व पाण्यात महिनाभर कुजवून तयार केलेले कीडनाशक द्रावण. महाराष्ट्रातील सेंद्रिय व नैसर्गिक शेतीत ते विशेष रूढ आहे. पाला बहुतांशी बांधावरच्या, जनावरे तोंड न लावणाऱ्या झुडपांचा असतो.

उगमाविषयी एकमत नाही. अर्काच्या प्रसाराचे श्रेय सहसा सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीला दिले जाते. काही लेखक त्याचे मूळ वृक्षायुर्वेदात, म्हणजे झाडांची निगा व उपचार सांगणाऱ्या प्राचीन शास्त्रात, पाहतात. मात्र बृहत्संहितेत (सु. ६ वे शतक) रोगट झाडासाठी सांगितला आहे तो वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप, सुरपालाच्या नावावरील ग्रंथातले कुणपजल हे तर खत. शिवाय यादीतील पपई, सीताफळ व घाणेरी या वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील असल्याने आजचा पाठ (घटक व प्रमाणे) तरी पोर्तुगीज काळापूर्वीचा असणे संभवत नाही.

प्रचलित पाठात कडुनिंबाचा पाला ५ किग्रॅ.; निरगुडी, घाणेरी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, रुई, कण्हेर व गुळवेल प्रत्येकी २ किग्रॅ.; हिरव्या मिरचीचा ठेचा २ किग्रॅ., लसूण पाव किग्रॅ., शेण ३ किग्रॅ., गोमूत्र ५ लि. व पाणी २०० लि. घेतात. पाला ठेचून प्लॅस्टिकच्या पिंपात सावलीत भिजवतात, तोंडाला गोणपाट बांधतात व रोज ढवळतात. ढवळणे चुकले की पाला वर तरंगून बुरशी धरतो. गाळणी दुहेरी कापडाची हवी, नाहीतर पंपाचे नोझल तुंबते.

मावा, तुडतुडे, फुलकिडे व लहान अळ्यांवर उपयोग होतो. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. कडुनिंबातील अॅझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य मुख्यतः बियांत असते, पाल्यात अल्प. उन्हात व अल्कधर्मी द्रावणात ते लवकर विघटित होते, आणि गोमूत्र मुरताना अमोनिया सुटून द्रावण त्याच दिशेने सरकते. म्हणून महिनाभर कुजवलेल्या अर्काचा गुण अॅझाडिरॅक्टिनवर अवलंबून असेल असे वाटत नाही. सीताफळातील अॅसिटोजेनिने (कीटकांना विषारी द्रव्ये) व मिरची-लसणाचा उग्रपणा यांचा वाटा अधिक मानणे सयुक्तिक ठरेल. निंबोळी अर्क हवा असल्यास तो वेगळा, ताजा करावा. फवारणी संध्याकाळी करतात.

वनस्पतिजन्य म्हणून हा अर्क निर्धोक नव्हे. कण्हेर व रुईतील ग्लायकोसाइडे हृदयाला घातक आहेत आणि रुईचा चीक डोळ्याच्या बुबुळाला इजा करतो. पाला ठेचताना हातमोजे व चष्मा वापरावा, पिंप गोठ्यापासून लांब ठेवावे आणि काढणीला आलेल्या पालेभाजीवर अर्क फवारू नये.