निराधारांचं अनुदान कोणाच्या करातून?

‘आम्ही आयकर भरायचा आणि सरकार तो झोपडपट्टीत फुकट वाटणार,’ असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. पगारातून कर कापला गेला की तो खरा वाटतो, हे समजण्यासारखं आहे.

पण आयकर केंद्र गोळा करतं. राज्याला त्यातला फक्त वाटा मिळतो. संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजना राज्याच्या अर्थसंकल्पातून चालतात आणि महाराष्ट्राच्या तिजोरीत सर्वांत मोठी भर राज्याच्या स्वतःच्या करांची असते: जीएसटीतला राज्याचा हिस्सा, पेट्रोल-डिझेल व दारूवरचा व्हॅट, घरखरेदीचं मुद्रांक शुल्क. यातला जीएसटी गोवंडीतली धुणीभांडी करणारी बाईही साबण घेताना भरतेच. वाशीहून भाजी आणणाऱ्या टेम्पोच्या डिझेलवरचा व्हॅट शेवटी तिच्याच जुडीच्या भावात येतो. तिला करदाती न म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

खात्री करायची तर साबणाच्या वेष्टनावर किमतीजवळ ‘inclusive of all taxes’ म्हणजे ‘सर्व करांसहित’ हे शब्द शोधा. पगाराच्या स्लिपवर टीडीएस, म्हणजे कापलेला आयकर, केंद्राचा; व्यवसाय कर राज्याचा. आणि अर्थसंकल्पाची पुस्तकं राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मोफत मिळतात. त्यात महसुली जमेचं पान उघडा, कुठल्या करातून किती आले ते ओळीने दिलेलं असतं.