ओपनजीएलला विंडो मिळते कुठून?

ओपनजीएल ही चित्र काढणारी लायब्ररी. त्रिकोण, रंग, प्रकाश यात ती तरबेज, पण विंडो ही चीज तिच्या गावीही नसते. विंडो किती रुंद आहे, तिच्यावर दुसरी कोणती आली आहे, हे सगळं विंडो सिस्टिमच्या ताब्यात असतं. या दोघींची गाठ घालून देणारा थर वेगळा आहे. विंडोजवर तो डब्ल्यूजीएल, लिनक्सच्या जुन्या एक्स सिस्टिमवर जीएलएक्स. क्रोनोस या संस्थेने २००३ साली ईजीएल आणलं. आज अँड्रॉइड आणि लिनक्सची वेलँड सिस्टिम दोन्हीकडे तेच चालतं.

काम ठरलेल्या क्रमाने होतं. आधी डिस्प्लेशी जोडणी, मग कॉन्फिग, म्हणजे रंगाला किती बिट आणि खोलीला (कोणती वस्तू पुढे, कोणती मागे या माहितीला) किती, याची निवड. त्यानंतर विंडोवर बसणारा सरफेस आणि ओपनजीएलची सगळी स्थिती सांभाळणारा काँटेक्स्ट तयार करायचा. शेवटी मेक-करंट ही हाक: या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या या धाग्यावर) हा काँटेक्स्ट, या सरफेसवर. ती द्यायची राहिली तर चित्र काढण्याच्या आज्ञा बहुतेक वेळा मुकाट्याने वाया जातात. एकच काँटेक्स्ट एका वेळी दोन थ्रेडना मिळत नाही. दुसऱ्याने मागितला की 'बॅड ॲक्सेस' ही चूक परत येते.

नवशिक्यांची खरी फसगत कॉन्फिगमध्ये होते. इथे दिलेला आकडा 'किमान' समजला जातो. रंगाला ८-८-८ बिट मागितले तर यादीत १० बिटवाले कॉन्फिग वर येऊ शकतात. खोलीबद्दल काही सांगितलंच नाही तर शून्य धरलं जातं, आणि मग मागची भिंत पुढच्या खुर्चीवर उमटते. म्हणून यादीतला पहिला कॉन्फिग डोळे झाकून उचलू नये. प्रत्येकाची मूल्यं वाचून निवडावा.

आता चित्र पडद्यापर्यंत पोचतं कसं ते पाहू. १९२० × १०८० च्या एका फ्रेमला, दर पिक्सेलला ४ बाइट धरून, सुमारे ८.३ एमबी लागतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळजवळ ५०० एमबी. एवढा डेटा प्रोग्रॅममधून कंपोझिटरमध्ये, म्हणजे सगळ्या विंडो जोडून पडदा तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कॉपी करत बसणं परवडत नाही. म्हणून वेलँडमध्ये पिक्सेल जागचे हलत नाहीत. प्रोग्रॅम सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधल्या संवादाच्या वाटेवरून) कंपोझिटरला त्या मेमरीचा फक्त फाइल डिस्क्रिप्टर देतो, ती ओळखायचा एवढासा आकडा, आणि कंपोझिटर तीच मेमरी वाचून सगळ्या विंडो एकत्र मांडतो. स्वॅप-बफर्स म्हटलं की भरलेला बफर (फ्रेमचे पिक्सेल ठेवलेली मेमरी) कंपोझिटरच्या हाती जातो आणि पुढची फ्रेम काढायला दुसरा बफर मिळतो.

यातून एक गमतीची गोष्ट घडते. वेलँडवर पहिला बफर दिल्याशिवाय विंडो दिसतच नाही. विंडो उघडून 'दिसेपर्यंत थांबू, मग काढू' असं लिहिलेला प्रोग्रॅम कायमचा थांबून राहतो. विंडो झाकली गेली की कंपोझिटर पुढच्या फ्रेमची खूण पाठवणं थांबवू शकतो, आणि स्वॅप-बफर्सची हाक तिथेच अडकते. त्याच थ्रेडवर नेटवर्कचं काम असेल तर तेही ठप्प. स्वॅप इंटरव्हल (स्वॅपने पडद्याच्या किती फेऱ्या थांबायचं तो आकडा) शून्य करून ती खूण स्वतः ऐकणं हा त्यावरचा भरवशाचा उपाय.

अल्फाचा, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या आकड्याचा, घोटाळा तर बघण्यासारखा असतो. गेममधल्या खोलीत काचेची खिडकी काढली, आणि त्या काचेतून चक्क मागचा डेस्कटॉप दिसू लागला! काच मिसळताना बफरमधला अल्फा १ पेक्षा कमी झाला आणि कंपोझिटरने तो विंडोची पारदर्शकता समजून वापरला. कॉन्फिगमध्ये अल्फाला शून्य बिट मागूनही उपयोग होईलच असं नाही, कारण तो आकडाही 'किमान'च. यादीतून अल्फा नसलेला कॉन्फिग निवडा. तो नसेल तर फ्रेमच्या सुरुवातीला अल्फा १ ने भरा आणि मग कलर-मास्क या आज्ञेने अल्फाच्या चॅनेलवर लिहिणं बंद करा.