सिव्हिलायझेशन (संगणकीय खेळमालिका) : गुण आणि मर्यादा

सिव्हिलायझेशन : नगरे वसवत, ज्ञान वाढवत आणि शेजाऱ्यांना नमवत जगावर वर्चस्व मिळवण्याची संगणकीय खेळमालिका. पहिला भाग सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवला आणि मायक्रोप्रोझ या अमेरिकन कंपनीने तो १९९१ साली बाजारात आणला. पुढचे मुख्य भाग १९९६, २००१, २००५, २०१०, २०१६ आणि २०२५ साली आले. तिसऱ्या भागापासून निर्मिती फिरॅक्सिस या कंपनीकडे आहे. शोध, विस्तार, साधनांचा उपसा आणि संहार (एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट) या चार क्रियांवर उभ्या असलेल्या खेळांना ‘फोर-एक्स’ म्हणतात. हे नाव ॲलन एमरिच यांनी १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ या अंतराळातील साम्राज्यांच्या खेळावर लिहिताना वापरले. आज मात्र ते घेतले की बहुतेकांना आधी सिव्हिलायझेशनच आठवते.

या खेळात सगळे काही जवळपास शून्यातून वाढत जाते. खेळाडूला बांधून ठेवते ती ही वाढच, आणि मालिकेविरुद्धच्या बहुतेक तक्रारीही तिच्यातूनच निघतात. प्रत्येक नव्या भागाने मागच्या भागातल्या एखाद्या तक्रारीवर इलाज शोधला, आणि जवळजवळ प्रत्येक इलाजाने नवी तक्रार जन्माला घातली.

रचना : डाव ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये सुरू होतो. नकाशा जवळपास पूर्ण झाकलेला असतो आणि हाताशी बहुधा एक सेटलर आणि एक योद्धा असतो. सेटलर जिथे मुक्काम करील तिथे शहर वसते. शहराभोवतीच्या चौकटींवर, पाचव्या भागापासून षटकोनांवर, नागरिक राबतात आणि अन्न, उत्पादन, सोने मिळवतात. बहुतेक भागांत प्रत्येक नागरिक दर टर्नला, म्हणजे खेळाडूच्या प्रत्येक पाळीला, दोन अन्न खातो. उरलेले साठत जाते आणि पुरेसे झाले की लोकसंख्या एकने वाढते. उत्पादनातून सैनिक, इमारती, नवे सेटलर आणि जगात एकदाच बांधता येणारी ‘वंडर’ तयार होतात. विज्ञानाचे गुण कुंभारकामापासून अवकाशयानापर्यंत पसरलेल्या ‘टेक ट्री’वर, म्हणजे एकातून दुसरा निघणाऱ्या शोधांच्या साखळीवर, खर्च होतात. पहिल्या भागात जिंकण्याचे दोनच मार्ग होते : सर्वांचा पाडाव करणे किंवा अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे यान पोहोचवणे. पुढे मुत्सद्देगिरी, संस्कृती आणि धर्म यांचीही भर पडली. जगज्जयाची अटही सैलावली. पाचव्या आणि सहाव्या भागांत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी घेतली की पुरते, गावन् गाव जिंकत फिरावे लागत नाही.

गुण : मालिकेचे पहिले शंभरेक टर्न हे संगणकीय खेळांतल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी आहेत, असे म्हणायला हरकत नाही. पर्याय थोडे असतात, पण प्रत्येकाचा परिणाम हजारो वर्षे टिकणारा असतो. सहाव्या भागातली एखादी नदीकाठची, डोंगररांगेला बिलगलेली जागा घ्या. नदीमुळे गोडे पाणी मिळते, म्हणून वस्ती अधिक मावते. डोंगरांना लागून असलेल्या षटकोनावर विज्ञानाचा ‘कॅम्पस’ हा डिस्ट्रिक्ट (शहराचा खास कामाचा विभाग) उभारला, तर चिकटलेल्या दर डोंगरामागे एक जादा विज्ञानगुण मिळतो. पण नेमक्या त्याच षटकोनावर जंगल आहे. थेट कॅम्पस घातला तर जंगल फुकट जाते, आधी कामगार पाठवून तोडले तर लाकडाचे उत्पादन शहराला एकरकमी मिळते. तेवढे थांबायचे का? खेळाडूचे ज्ञान वाढेल तशी डिस्ट्रिक्टची किंमत चढत जाते, मात्र एकदा पाया घातला की ती गोठते. म्हणून मुरलेले खेळाडू बांधकामाला सवड नसतानाही जागा आधी अडवून ठेवतात. शिवाय लोकसंख्या १, ४, ७ अशा टप्प्यांवर पोहोचेल तसा एकेक डिस्ट्रिक्ट वाढवता येतो. म्हणजे कॅम्पस आधी घेतला तर बाजारपेठ मागे पडते. एका शहराच्या एका षटकोनावर इतका खल होतो. जुन्या भागांत सगळ्या इमारती शहराच्या एकाच चौकटीत गुडूप होत आणि चांगले शहर कुठेही सारखेच दिसे. सहाव्या भागाचे प्रमुख रचनाकार एड बीच यांनी शहर नकाशावर पसरवले, आणि नगररचना हा खेळाचा खरा विषय झाला.

‘फक्त एक टर्न आणखी’ ही या मालिकेची सर्वांत प्रसिद्ध ख्याती. तिच्यामागे साधे वेळापत्रक आहे. धान्यकोठार दोन टर्नमध्ये पुरे होणार असते, शोध चारमध्ये लागणार असतो, घोडेस्वार सहामध्ये सीमेवर पोहोचणार असतात. कामे कधीच एकदम संपत नाहीत, त्यामुळे उठण्याजोगी जागाच सापडत नाही. निर्मात्यांनाही हे ठाऊक आहे. डाव जिंकल्यावर पुढे खेळत राहण्यासाठी त्यांनी याच शब्दांचे बटण दिले आहे.

टर्नवर चालणारा खेळ असल्याने बोटांची चपळाई लागत नाही आणि मध्येच सोडून उद्या पुढे चालवता येतो. नकाशा दर वेळी नवा असतो. बेटावर सुरुवात झाली की वाळवंटातले शहाणपण उपयोगी पडत नाही. खेळात ‘सिव्हिलोपीडिया’ नावाचा कोश आहे. नियमांच्या खुलाशाबरोबर तो इतिहासाच्या छोट्या नोंदीही देतो, आणि अनेकांनी बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचे नाव प्रथम तिथेच वाचले असणार. संगीताची बाजू तर भक्कमच आहे. चौथ्या भागासाठी ख्रिस्तोफर टिन यांनी बांधलेल्या ‘बाबा येतू’ या स्वाहिली गीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाले, आणि संगणकीय खेळासाठी रचलेल्या संगीताला तो मान पहिल्यांदाच लाभला.

आणखी एक बळ खेळाडूंनीच उभे केले आहे. चौथ्या भागाचे बरेचसे नियम पायथन या संगणकभाषेत उघडे होते, त्यातून ‘फॉल फ्रॉम हेवन’सारखी मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेली रूपांतरे, निघाली, जी जवळजवळ स्वतंत्र खेळच आहेत. पाचव्या भागावरच्या ‘व्होक्स पॉप्युली’ने मूळ तोल आणि संगणकी प्रतिस्पर्ध्यांची बुद्धी दोन्ही मुळापासून दुरुस्त केले. डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये आणलेला ‘फ्रीसिव्ह’ हा मुक्त स्रोत अवतार आजही विनामूल्य मिळतो.

उत्तरार्धाचा कंटाळा : सर्वांत जुनी आणि सर्वांत रास्त तक्रार ही. ज्याची शहरे जास्त त्याचे विज्ञान जास्त, ज्याचे विज्ञान जास्त त्याचे सैन्य भारी, आणि ज्याचे सैन्य भारी त्याला आणखी शहरे. खेळाडूंच्या भाषेत हा ‘स्नोबॉल’. मध्ययुग सरेपर्यंत निकाल बहुधा कळलेला असतो, पण खेळ तो जाहीर करायला आणखी कितीतरी टर्न घेतो. त्यातच कामाचा बोजा वाढतो. दुसऱ्या टर्नला दोन आज्ञा द्याव्या लागतात. दोनशे-पन्नासाव्या टर्नला वीस शहरांची बांधकामे, तीसेक सैन्यतुकड्या, संपलेले व्यापारमार्ग आणि गावोगावचे हेर एकामागून एक हुकूम मागत राहतात. यांतल्या बहुतेक हुकुमांनी निकालात तसूभरही फरक पडत नाही. सुरुवातीला एका निर्णयाला जे वजन असते ते शंभर निर्णयांना मिळून उरत नाही. अनेक खेळाडू म्हणूनच डाव अर्धवट टाकून नवा मांडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

शहरांची संख्या : पहिल्या भागांत शहरे वसवण्याला खरा लगाम नव्हता. दोन-तीन चौकटींच्या अंतरावर चिमुकल्या शहरांची दाटी केली की ती मिळून चार देखण्या महानगरांना सहज मागे टाकत. बघायला अत्यंत कुरूप, पण हमखास यश देणारा डाव. तिसऱ्या भागाने त्यावर भ्रष्टाचाराचा उतारा दिला. राजधानीपासून दूरच्या शहरांचे उत्पन्न जवळजवळ सगळेच गळू लागले, आणि दूरवर वसाहत करणे निरर्थक वाटू लागले. चौथ्या भागाने प्रत्येक शहराचा देखभालखर्च लावला. अधाशीपणे पसरलेला राजा दिवाळखोर होई, पण अर्थव्यवस्था सावरली की पुन्हा वाढू शके. आजवरचा सर्वांत समंजस तोडगा हाच. पाचव्या भागाने साऱ्या साम्राज्याचे सुख एकाच आकड्यात बांधले : दर शहरामागे तीन आणि दर नागरिकामागे एक दुःख. शिवाय ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या विस्तारसंचानंतर प्रमाण नकाशावर प्रत्येक नवे शहर संशोधन पाच टक्क्यांनी महाग करू लागले. परिणाम असा, की जग जिंकण्याच्या खेळात चार शहरांवर स्वस्थ बसणे हीच बहुतेकांची ठरलेली चाल झाली. सहाव्या भागात पारडे पुन्हा विस्ताराकडे झुकले.

युद्ध आणि संगणकाची बुद्धी : पहिल्या भागात लढाई म्हणजे एकच फासा. हरलेली तुकडी समूळ नष्ट होई. त्यामुळे भालाइतांनी युद्धनौका बुडवल्याचे किस्से अजरामर झाले. दुसऱ्या भागाने जीवनगुण, म्हणजे तुकडी किती मार सोसू शकते याचा आकडा, आणून हा वेडेपणा आटोक्यात आणला. चौथ्या भागापर्यंत एकाच चौकटीत कितीही सैन्य उभे राही, आणि युद्ध म्हणजे एक अवाढव्य लवाजमा घेऊन शहरामागून शहर घेत जाणे. पाचव्या भागाचे रचनाकार जॉन शेफर यांनी एका षटकोनावर एकच लढाऊ तुकडी हा नियम आणला. पुढे तलवारबाज, मागे धनुर्धारी, बगलेला घोडेस्वार अशी मांडणी करावी लागू लागली. खिंडीत दोन तुकड्यांनी मोठी फौज अडवून धरणे शक्य झाले. कागदावर ही मालिकेतली सर्वांत चांगली लढाई आहे.

पण ती संगणकाला जमत नाही. ढीग करून चालून येणे त्याला येत होते, म्हणून चौथ्या भागातला शेजारी खरोखर धास्ती घालायचा. षटकोनांवर त्याची सैन्ये एकमेकांच्या वाटेत अडकतात. धनुर्धारी पुढे आणि तलवारबाज मागे राहतात, वेढ्याची यंत्रे तटापर्यंत पोहोचतच नाहीत. अरुंद भूभागावर त्याचीच गर्दी त्याला कोंडते. ही उणीव झाकण्यासाठी वरच्या काठिण्यपातळ्यांवर त्याला अधिक हुशार न करता अधिक श्रीमंत केले जाते. सहाव्या भागात ‘प्रिन्स’ ही बरोबरीची पातळी. सर्वांत वरच्या ‘डीटी’वर मात्र संगणक तीन सेटलर घेऊन उतरतो, खेळाडू एकच. वर उत्पादन, सोने, विज्ञान सगळ्यांत त्याला वाढीव टक्के. मग पहिले शंभर टर्न जीव मुठीत धरून काढायचे आणि तो टप्पा ओलांडला की डाव आपलाच. कठीण पातळीचा अर्थ इतकाच उरतो. माणसांशी खेळले तर युद्ध खुलते, पण पूर्ण डावाला लागणारे तास जुळवून आणणारे मित्र मिळणे हीच खरी काठिण्यपातळी.

सातव्या भागाचा प्रयोग : फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागाने वरच्या दुखण्यांवर एकदम शस्त्रक्रिया केली. डाव प्राचीन, अन्वेषण आणि आधुनिक अशा तीन युगांत तोडला. प्रकाशनावेळी प्रत्येक युगाच्या शेवटी आघाडीचा मोठा भाग पुसला जाई आणि प्रत्येकाला नवी संस्कृती निवडावी लागे. नवी वसाहत आधी साधे गाव असते. ते स्वतः काही बांधत नाही, त्याचे उत्पादन सोन्यात वळते, त्यामुळे हुकुमांचा मारा खरोखर कमी झाला. सेनापतीच्या हाताखाली तुकड्या बांधून नेता येतात, त्यामुळे रस्त्यातली कोंडीही घटली. तरी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावरचे सुरुवातीचे अभिप्राय संमिश्रच राहिले. अर्धवट वाटणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीवर टीका झालीच, पण खरी सल दुसरी होती. एकच प्रजा सहा हजार वर्षे पुढे न्यायची ही खेळाची मूळ कल्पनाच तुटली. उत्तरार्ध सुसह्य झाला, पण ज्या वाढीसाठी खेळायचे तिलाच मध्ये दोनदा कात्री लागली.

इतिहासाचे चित्रण : टेक ट्री गृहीत धरते की सर्व समाज एकाच वाटेने, एकाच मुक्कामाला निघाले आहेत. मोकळी जमीन ज्याने आधी गाठली त्याची, आणि तिथे आधीच राहणारे ‘बार्बेरियन’ म्हणजे वाटेतला उपद्रव. २०१८ मध्ये सहाव्या भागात मूळनिवासी क्री लोकांचा नेता पाऊंडमेकर आला, तेव्हा कॅनडातल्या त्याच्याच समुदायातून हरकत आली. जमीन जिंकत सुटणे हे आमच्या पूर्वजांचे मूल्य नव्हते, असा तिचा रोख होता. नियमांतच विस्तार भरलेला असल्याने या हरकतीला खेळाकडे उत्तर नाही.

भारत पहिल्या भागातल्या चौदा संस्कृतींपासून आहे, आणि सहाव्या भागात चंद्रगुप्त येईपर्यंत मुख्यतः गांधींच्या नेतृत्वाखाली. अणुबॉम्बची धमकी देणारे गांधी हा गमतीचा विषय पुढे फार पसरला. पहिल्या भागात गणिती चुकीमुळे त्यांची आक्रमकता शून्याखाली जाऊन एकदम कमाल व्हायची, अशी दंतकथा रुळली. मायर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत अशी चूक नव्हतीच असे स्पष्ट केले. पाचव्या भागात मात्र गंमत म्हणून गांधींचा अणुबॉम्ब वापरण्याचा कल मुद्दाम सर्वांत वर ठेवला होता. त्याच भागात त्यांच्या भारताला खास तुकडी म्हणून लढाऊ हत्ती आणि खास इमारत म्हणून मुघल किल्ला दिला होता. अहिंसेचा पुरस्कर्ता, हत्तीदळ आणि मुघल तटबंदी यांची अशी मोट दुसरीकडे क्वचितच बांधली गेली असेल. सातव्या भागाच्या मूळ संचात गांधी नाहीत. अशोक आहे, तोही विरक्त रूपात; त्याचे विजेत्याचे रूप जादा संचात मिळते. भारतही मौर्य, चोळ आणि मुघल असा तीन युगांत वाटला आहे. मात्र नेता आणि संस्कृती आता वेगवेगळे निवडायचे असल्याने अशोकाला रोमच्या गादीवरही बसवता येते.