चक्करेचा पत्ता कानात कसा सापडला

अंथरुणात कूस बदलली आणि खोली गरगर फिरली, असं कुणी सांगितलं की आपल्याकडे आधी पित्ताचं नाव निघतं, मग बीपीचं, मग मानेच्या मणक्यांचं. कान आठवतो तो शेवटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या डॉक्टरांचंही असंच होतं. एकाएकी भोवळ, उलट्या, घाम म्हणजे मेंदूत रक्त दाटलं, असं समजून ते रोग्याचं रक्त काढत, जळवासुद्धा लावत.

खरं तर पुरावा आधीच हाती होता. १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये प्येर फ्लुराँस यांनी कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या. ज्या नलिकेला इजा व्हायची, तिच्याच दिशेत पक्ष्याचं डोकं हलू लागायचं. ऐकू मात्र येत राहायचं. पण कबुतरावरून माणसाच्या चक्करेचा अर्थ लावायला बराच काळ कुणी पुढे आलं नाही.

तो लावला प्रॉस्पर मेनिएर यांनी. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे ते मुख्य वैद्य. कानाचे रोगी त्यांच्यासमोर रोजचेच. कित्येकांना चक्करेबरोबर कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं आणि झटका ओसरला की ना अर्धांग ना बेशुद्धी, हे त्यांनी टिपलं. मग मेंदूवर आळ कशासाठी? ८ जानेवारी १८६१ रोजी त्यांनी हे वैद्यक अकादमीपुढे मांडलं. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात आतल्या कानातला द्रव वाढून पडदे फुगतात, हे दिसायला मात्र १९३८ साल उजाडलं; लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स, जपानमध्ये यामाकावा.

मला यातला सगळ्यात आवडता माणूस व्हिएन्नाचा कानाचा डॉक्टर रॉबर्ट बारानी. कान धुताना पाणी गार असलं की रोग्यांना चक्कर येई आणि डोळे झटके देत एका बाजूला हलत. एकदा पाणी फार गरम झालं, तेव्हाही आलीच, पण डोळ्यांचे झटके विरुद्ध दिशेने. शरीराइतक्या कोमट पाण्याने काहीच होत नव्हतं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी खालून वर फिरतं, तसा नलिकेतला द्रव फिरत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे डोळे बघून कानाची तपासणी करता येते! १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं, पण पहिल्या महायुद्धात ते रशियाच्या कैदेत सापडले. स्वीडनच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये सुटले. गंमत अशी की १९८३ मध्ये अंतराळात, जिथे वजनच नसल्याने असा प्रवाह निर्माणच होऊ शकत नाही, तिथेही ही चाचणी चालली. म्हणजे बारानींचं स्पष्टीकरण अपुरं होतं. चाचणी मात्र पक्की.

कूस बदलल्यावर येणाऱ्या चक्करेचं वर्णनही बारानींनी १९२१ मध्ये केलं होतं. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स आणि हॉलपाइक यांनी तिची तपासणी ठरवून दिली: मान एका बाजूला वळवायची, रोग्याला झटकन मागे झोपवून डोकं खाटेच्या कडेखाली लोंबू द्यायचं आणि डोळे बघायचे. याला ना यंत्र लागतं ना सुई. कारण हळूहळू उलगडलं. तोल सांभाळणाऱ्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण सुटून नलिकेत शिरतात. मग गोळ्या देण्यापेक्षा डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून ते कण परत का पाठवू नयेत, असं अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांना वाटलं. व्यवसायबंधूंनी त्यांची टर उडवली. त्यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये छापून आला. आज जगभर तीच पहिली उपचारपद्धत आहे. काही मिनिटांत होते, बहुतेकांना एक-दोन खेपांत उतार पडतो, आणि चक्कर पुन्हा उद्भवली तर पुन्हा करता येते. तरीही आपल्याकडे महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेणारे भेटतात, याचं मला नवल वाटतं.

मेंदू मात्र अगदीच निर्दोष सुटलेला नाही. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा कानाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.