गो-डेव्हिल की हरिकेन? जुन्या जीपचं इंजिन घेण्याआधी व्हॉल्व मोजा

"विलीजचं इंजिन मिळालंय, कुर्ल्यात. ब्लॉकला तडा नाही, क्रँक हाताने फिरतोय. टोकन देऊन टाकू का?"

असा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. मी उलट एकच विचारतो: हेड काढून बघितलंत का, ब्लॉकवर व्हॉल्व (पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) किती आहेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, "अहो जीपचंच आहे, बावीसशे सीसी." सगळा घोळ या बावीसशे सीसीत आहे. अमेरिकेच्या विलीज कंपनीने जीपसाठी याच मापाची दोन वेगळी पेट्रोल इंजिनं बनवली, गो-डेव्हिल आणि हरिकेन. युद्धकाळातली जीप पुन्हा उभी करणारे लोक हरिकेन घरी घेऊन येतात आणि मग सहा महिने डोकं धरून बसतात.

हरिकेन तुम्हाला माहीत आहे, नाव ऐकलेलं नसलं तरी. महिंद्राची उंच बॉनेटची पेट्रोल जीप, म्हणजे सीजे-३बी, तिचं इंजिन ते. आपल्याकडे ही जीप वर्षानुवर्षं बनत राहिली. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा लोकांनी त्यात डिझेल इंजिनं बसवली आणि उतरवलेली हरिकेनं गॅरेजच्या कोपऱ्यात आणि भंगारात गेली. आज कुर्ल्यात किंवा चोरबाजारात "जीपचं पेट्रोल इंजिन" म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा हेच असतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

गो-डेव्हिल त्याच्या आधीचं. विलीजचे इंजिनियर बार्नी रूस यांनी ते घडवलं आणि १९४१ पासून एमबी, म्हणजे विलीजच्या युद्धकाळातल्या जीपमध्ये ते बसू लागलं. फोर्डने याच आराखड्यावर जीपीडब्ल्यू बनवली, तिचंही इंजिन हेच. युद्धात दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. त्यातल्या इथे आलेल्या कितीतरी लष्कराच्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या आणि आपल्या आजोबांच्या, मामांच्या दारात उभ्या राहिल्या. युद्धानंतरच्या सीजे-२ए आणि सीजे-३ए मध्येही गो-डेव्हिलच होतं.

आता माणूस फसतो कुठे ते बघू. दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १११.१ मिमी, म्हणजे दोन्ही २१९९ सीसी. फायरिंग ऑर्डर दोन्हीची १-३-४-२. मेन बेअरिंगं दोन्हीत तीनच. दोन्हींच्या ब्लॉकला बाजूला टॅपेट कव्हर (व्हॉल्व वर ढकलणाऱ्या टॅपेटांवरचं झाकण). ऑइलच्या चिखलाने माखलेलं इंजिन जमिनीवर आडवं पडलेलं असेल तर कमरेखालून दोघं जुळे भाऊ दिसतात. त्यातूनच तो समज पसरलाय, जो मी चांगल्या चांगल्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकलाय: "ब्लॉक एकच आहे, फक्त हेड बदलतं."

हे साफ चूक आहे. आणि या एका वाक्यापायी लोकांचे पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गो-डेव्हिल साइड-व्हॉल्व आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही प्रकारचे व्हॉल्व सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात. हेड म्हणजे वर ठेवलेलं चपटं झाकण. त्यात हलणारा एकही भाग नाही, फक्त वरून सरळ खोवलेले चार प्लग. पेट्रोल आणि हवा ब्लॉकच्या बाजूने आत शिरते, जळलेला धूरही ब्लॉकच्याच बाजूने बाहेर पडतो.

हरिकेनमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्येच राहिला, पण इनलेट व्हॉल्व उचलून वर हेडमध्ये नेला. याला एफ-हेड म्हणतात. वर जागा मिळाल्यामुळे इनलेट व्हॉल्व मोठा बसवता आला, इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं, आणि ६० हॉर्सपॉवरच्या जागी सत्तरच्या वर ताकद मिळाली. त्यासाठी वर व्हॉल्व दाबणारे रॉकर आले, त्यांना खालून ढकलणारे चार पुशरॉड आले, हेडवर कार्बोरेटर आला. मग हरिकेनच्या ब्लॉकमध्ये इनलेटची वाट ठेवायची गरजच उरली नाही. त्यावर तुम्ही गो-डेव्हिलचं चपटं हेड ठेवलंत तर पेट्रोल आत येणार कुठून? दारच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मामांच्या एमबीचा ब्लॉक दोन सिलिंडरांच्या मधोमध तडकला होता. हेड मात्र शाबूत होतं. एका दुकानातून मी मोकळा ब्लॉक उचलला, दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "साब, वही है." टेम्पोत घालून तो लालबागला नानांच्या गॅरेजवर नेला. नानांनी ब्लॉकचा वरचा भाग रॉकेलच्या फडक्याने पुसला, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं एमबीचं तांब्याचं हेड गॅस्केट काढलं आणि ब्लॉकवर ठेवलं. सिलिंडरची चार भोकं जुळली. गॅस्केटमध्ये प्रत्येक सिलिंडरशेजारी दोन व्हॉल्वांची जागा मोकळी होती, खाली ब्लॉकवर मात्र एकच व्हॉल्व दिसत होता आणि त्याच्या बाजूला बोटभर जाडीचं एक भोक. नानांनी त्या भोकात पेन्सिल सोडली, ती सरळ टॅपेटपर्यंत खाली गेली. "पुशरॉडची वाट आहे रे ही," एवढंच ते म्हणाले. ब्लॉक परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही.

तेव्हापासून बाजारात जाताना मी पिशवीत ते जुनं गॅस्केट घेऊन जातो. वजन नाही, खर्च नाही, आणि दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. हेड काढलेला ब्लॉक असेल तर मोजा: आठ व्हॉल्व दिसले तर गो-डेव्हिल, चार दिसले तर हरिकेन. व्हॉल्व काढून टाकलेले असले तर भोकांच्या आकड्यावर जाऊ नका, कारण हरिकेनच्या ब्लॉकवर चार सीट (व्हॉल्व टेकतो त्या कडा) आणि चार पुशरॉडची भोकं मिळून घाईत आठच भरतात. घासून बसवायची रुंद सीट आठही ठिकाणी आहे का, हे बोट फिरवून बघा. हेड जागेवर असेल तर काम सोपं. वर रॉकर कव्हर असेल, तर ते गो-डेव्हिल नाही, विकणारा काहीही म्हणो. बाजूच्या टॅपेट कव्हरवरून मात्र काहीच ठरवू नका, ते दोघांनाही असतं.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. हरिकेन एमबीत बसतं. खटपट करून, माउंटिंगमध्ये थोडेफार बदल करून बसतं, हे खरं आहे. आणि बसतं म्हणूनच नुकसान होतं, कारण ते उंच आहे. सीजे-३बीचं बॉनेट आणि ग्रिल उंच का केलं, तर या इंजिनासाठीच. ते एमबीच्या सपाट बॉनेटखाली मावत नाही. मग कोणीतरी ग्राइंडर चालवतो. मी अशा जीपा पाहिल्यात, बॉनेट मधोमध कापून वर पत्र्याचा फुगा वेल्ड केलेला. ऐंशी वर्षांचा मूळ पत्रा एका दुपारच्या घाईपायी गेला. इंजिन उद्या बदलता येईल, कापलेलं बॉनेट तसं परत येणार नाही. माझं मत पक्कं आहे: एमबी किंवा जीपीडब्ल्यू असेल तर गो-डेव्हिल मिळेपर्यंत जीप इंजिनाविना उभी राहू द्या. वर्ष लागलं तरी चालेल. कुर्ल्याबाहेर पडा, घाटावर, नाशिक-नगरकडे विचारा. शेतावर गोठ्यामागे पडलेल्या जुन्या सीजे-३एचं इंजिन तुमच्या कामाचं आहे.

बाकीचे फरक त्यामानाने किरकोळ आहेत. युद्धकाळातल्या गो-डेव्हिलमध्ये टायमिंगला साखळी होती, युद्धानंतर गिअर आले. दोन्ही चालतील, पण साखळीवाल्याचा ऑइल पंप गिअरवाल्याला लावायला जाऊ नका, कारण कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) उलट्या दिशेने फिरतो. फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते मोजा: जुन्या सहा व्होल्टच्या जीपला ९७, नंतरच्या बारा व्होल्टच्या रिंगला १२९. स्टार्टर त्यानुसार घ्या. विलीजचं इंजिन की फोर्डचं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. भाग एकमेकांना लागतात, फोर्डच्या भागांवर एफ अक्षर असतं, विषय संपला.

एका शब्दाचा मात्र मला मनापासून राग येतो. "मॅचिंग नंबर." चासीचा आणि इंजिनाचा नंबर एकच असलेली विलीज एमबी आहे म्हणून जास्त किंमत सांगणारे भेटतात. विलीजच्या कारखान्यातून एमबी बाहेर पडायची तेव्हाच तिचा चासी नंबर वेगळा आणि इंजिन नंबर वेगळा असायचा. फोर्ड मात्र एकच नंबर दोन्हींवर ठोकायचं. तेव्हा जीपीडब्ल्यूचे नंबर जुळले तर ती खरोखर दुर्मीळ गोष्ट आहे, कारण लष्करी डेपोत इंजिनांची सर्रास अदलाबदल व्हायची. एमबीचे नंबर तंतोतंत जुळत असतील, तर नंबर कोणी आणि कधी ठोकला हे विचारा. एमबीच्या बाबतीत खरा प्रश्न एवढाच असतो, की इंजिन त्या काळातलं आणि त्या जातीचं आहे का.

हाच प्रश्न आरटीओतही येतो. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदललं गेलं असेल तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. एमबीत गो-डेव्हिल असेल तर तुम्ही मान वर करून बोलू शकता. कापलेल्या बॉनेटखाली हरिकेन असेल तर काय बोलणार?

आणि हरिकेन आधीच घरी येऊन पडलं असेल तर ते भंगारात देऊ नका. उंच बॉनेटच्या किती तरी जीपा आज डिझेलवर खडखडत फिरताहेत आणि त्यांचे मालक नेमकं हेच इंजिन शोधताहेत. त्यांना द्या, किंवा बदल्यात गो-डेव्हिलचा पत्ता मागा. मामांच्या एमबीला शेवटी मिळालं ते असंच, सिन्नरजवळच्या एका माणसाकडून. त्याला त्याच्या सीजे-३बीसाठी माझा तो चुकीचा ब्लॉक हवा होता. उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या मागे, नानांनी वायर ब्रशने घासलं तेव्हा आधी एम आणि बी ही दोन अक्षरं दिसली. मग त्यांनी त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी फिरवून नंबर उतरवून घेतला.